उताराचा खोटा दगड

मी एक गोटा बोलतोय. नदीतलाच आहे, पण तुमच्या कृष्णा-कोयनेतला नाही. पाटणच्या खाली, कोयनेच्या काठावर, बायका पाण्याला आल्या की जिथं घडीभर टेकतात, तिथं मी पडलेला असतो. आकारानं नारळाएवढा, रंगानं काळपट, आणि एका अंगाला सरळ रेघांसारखे ओरखडे. इथल्या गोट्यांना असे ओरखडे नसतात. ते बघून एखाद्या वाटसरूनं विचारलं, "ह्यो कुठनं आला रं?" की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

दगडाला लाज नसते असं तुम्ही म्हणता. मला आहे. ती सांगून टाकावी म्हणून बसलोय.

माझा जन्म फार लांबचा. काश्मीरच्याही पलीकडे, द्रासच्या बाजूला एक उघडाबोडका डोंगर आहे. त्याच्या कड्याच्या फटीत पाणी शिरलं, थंडीत त्याचा बर्फ झाला, बर्फ फुगला आणि त्यानं मला ढकलून दिलं. खाली नदी होती. तिनं मला पदरात घेतलं. म्हणजे जन्मल्यापासून माझी गाठ बर्फाशीच पडली.

इथली नदी पावसाच्या तंत्रानं चालते. पूर आला की काठ खाते, पूर ओसरला की गाळ टाकते. आमच्याकडे पाऊस नावापुरता. तिथं नदीचा कारभार बर्फाच्या हातात. थंडी पडायला लागली की आधी कडेच्या संथ पाण्यावर पापुद्रा धरतो. मग मधल्या खळाळातही बर्फाचे बारीक कण फिरू लागतात, आणि आभाळ निरभ्र असलं की ते थेट तळाशी जाऊन दगडांना चिकटतात. दगडाच्या अंगावर बर्फाची गोधडी चढते. सकाळी ऊन आलं की ती गोधडी तळ सोडून वर उठते, आणि तिच्यात अडकलेला दगडही तिच्याबरोबर वर येतो. मी असा कितीदा तरी तरंगलोय. रामाचं नाव न घेता तरंगलोय, हे सांगतानाही आता संकोच वाटतो.

हिवाळा सरला की बर्फ फुटतो. मोठमोठे तुकडे वाहत येतात, वळणावर अडकतात, एकावर एक चढतात आणि नदी अडवून बसतात. पाणी मागे फुगत जातं, काठावर चढतं. कधी शेजारून नवी वाट काढतं, आणि त्या साली नदी जुनं पात्र सोडून तिकडूनच वाहू लागते. मग अचानक ती अडवण फुटते. तेव्हा बर्फ आणि आम्ही दगड मिळून काठ असा खरवडत जातो की विचारू नका. माझे ओरखडे तेव्हाचे. एका वर्षी आम्ही कुणाचं तरी सातूचं शेत बांधासकट नेलं. मला तेव्हा त्याचा मोठा तोरा होता. एवढ्या मोठ्या नदीला आपण वळण लावतो, असं मला वाटायचं. शेतवाला काठावर उभा होता, त्याच्याकडे मी बघितलंसुद्धा नाही.

अठ्ठेचाळीस सालच्या हिवाळ्यात त्या नदीवर फौज आली. लढाई सुरू होती, पुढं जानेवारी लागताच ती थांबली. पण आलेली माणसं बर्फात अडकली, आणि त्यांना सामानसुमान पोचवायचं काम काही थांबलं नाही. रस्ते आणि पूल करणाऱ्या एका तुकडीत साताऱ्याकडची तीन माणसं होती. नायक हरिबा पस्तिशीचा, मिशाळ, कामाला वाघ. आकाराम त्याच्याच गावचा, चोविशीतला, सारखा थट्टा करणारा. तिसरा चांदसाहेब, कऱ्हाडचा, गाडी चालवणारा. पण बर्फात गाडी कुठली चालणार, म्हणून तोही पाठीवर ओझी वाहायचा. आकाराम आणि चांदसाहेब, दोघंही हरिबाला तात्या म्हणायचे.

खेचरं हाकणारा तिथला एक म्हातारा होता. पहिल्याच दिवशी त्यानं त्यांना काठावर उभं करून मोडक्या हिंदीत बजावलं होतं, "पत्थर मत देखो, साब. बर्फ देखो." तिघांनीही माना डोलावल्या. पण माणूस बघतो ते आपल्या गावच्या डोळ्यांनी.

हरिबाच्या गावाची एक रीत होती. ती मला तेव्हा ठाऊक नव्हती, पुढं कळली. कोयनेला त्या गावाशी पूल नाही. दसऱ्यानंतर पाणी ओसरलं की पायी पार व्हायची जागा शोधावी लागते. तिला ते उतार म्हणतात. पुरानं दरवर्षी तळ हलतो, त्यामुळे उतारही हलतो. गावात एका घराला त्याचा मान. त्या घरचा माणूस आधी एकटा पाण्यात शिरतो, काठीनं चाचपत पलीकडे जातो, आणि येताना पायाखालच्या वाटेवर ओळीनं दगड ठेवत येतो. त्यांची डोकी पाण्याबाहेर दिसतात. मग बोचकी डोक्यावर घेऊन बायाबापड्या, गुरंढोरं, वरातीसुद्धा त्या ओळीनं बिनघोर जातात. पाण्यात दगडांची ओळ दिसली की कुणीतरी आपल्याआधी इथून चालून गेलंय, एवढा त्या गावाचा विश्वास. मान हरिबाच्या घराचा होता. त्याच्या बापाचा, आज्याचा.

त्याच जानेवारीअखेर बर्फानं मला आणि आणखी चौघांना तळातून उचललं. तो तुकडा लांबट होता. वाहता वाहता कोलांटी खाऊन उलटा झाला, आणि आम्ही पाचजण त्याच्या पाठीवर आलो, एका ओळीत. पुढच्या वळणावर नदीत खोल डोह आहे. तिथं तो तुकडा आडवा अडकला आणि थिजून गेला. वरून भुरभुर हिम पडलं. बघणाऱ्याला वाटावं, नदीच्या या काठापासून त्या काठाकडं कुणीतरी पाच दगड मांडून ठेवलेत. आमच्या खाली वीतभर बर्फ होता, आणि त्याच्या खाली दोन पुरुष पाणी.

दुपारची वेळ होती. पलीकडच्या चौकीवर रॉकेलचे डबे पोचवायला तिघं निघाले होते. लाकडी पूल कोसभर वर. हरिबा काठावर थांबला आणि त्याची नजर माझ्यावर पडली. त्याचा चेहरा उजळला, ते मला आजही दिसतं. परक्या मुलखात घरचं माणूस भेटावं तसा तो माझ्याकडं बघत होता.

"आयला, ह्ये बघा! हितं बी उतार बांधत्यात की. अगदी आपल्यावानी."

"तात्या, पुलावरनंच जाऊ," चांदसाहेब म्हणाला. "कोसभर तर हाय."

"कशाला रं? दगड दिसत्यात न्हवं? दगड हाय म्हंजे त्येच्याखाली तळ हाय. गुडघाभर पाणी आसंल, त्ये बी गोठल्यालं."

आकाराम हसला. "मग व्हा की म्होरं, मानकरी! तुमच्याच घराचा हक्क."

हरिबा खुशीत होता. किती महिन्यांनी गावाची गोष्ट निघाली होती. त्यानं हात पुढं केला आणि म्हणाला, "जा, गड्या. आज तुज्या घराला मान दिला."

आकारामनं डबा खाली ठेवला. गावाकडं मानकरी पाण्यात पाय टाकण्याआधी करतो तसा वाकून बर्फाला हात लावला, तो कपाळाला लावला, आणि ऐटीत मिशीवरून हात फिरवत निघाला. माझ्याजवळ आला. मी काळा दगड. सकाळपासूनचं ऊन मी पिऊन घेतलं होतं, आणि माझ्याभोवतालचा बर्फ माझ्याच उबेनं मऊ झाला होता. हे मला माहीत होतं. आणि मी तिथं बसून होतो. उठून बाजूला होणं माझ्या हातात नव्हतं, असं तुम्ही म्हणाल. मीही स्वतःला तेच सांगतो. त्यानं समाधान होत नाही.

त्यानं मला ओलांडलं, दुसऱ्या दगडापाशी गेला, आणि तिथं बर्फ फुटला.

तो पट्टीचा पोहणारा होता, पण बर्फाखाली पोहून जायचं कुठं? चांदसाहेबानं ओझ्याची दोरी सोडून फेकली, पालथा पडून सरपटत पुढं आला. हरिबा त्याचे पाय धरून होता. बऱ्याच वेळानं त्यांनी आकारामला बाहेर ओढलं. तेव्हा त्याला धुगधुगी होती. अंगावरचे कपडे तिथल्या तिथं कडक झाले. त्याला पाठीवर टाकून दोघं पळत सुटले. मी भगदाडाच्या कडेला होतो तिथंच, कोरडाठणठणीत.

दुसऱ्या दिवशी दोघं परत आले, तेव्हा आकाराम संध्याकाळच्या आतच गेल्याचं मला कळलं. हरिबानं मला लाथ मारली. मी बर्फावरून सरळ घसरत गेलो. खाली तळ नाही, काही नाही, नुसता वर ठेवलेला. ते बघून तो तोंडात मूठ धरून रडला.

"त्येच्या आयेला खरं सांग, तात्या," चांदसाहेब म्हणाला. "पत्रात न्हाई लिवता यायचं. पर त्वांडानं सांग."

"सांगतो," हरिबा म्हणाला, आणि त्यानं मला उचलून पिशवीत टाकलं. मला दाखवल्याशिवाय ती गोष्ट कुणाला पटली नसती.

रजा मिळाली ती आश्विनात. कऱ्हाड स्टेशनपर्यंत आगगाडी, पुढं सर्व्हिस मोटार. साऱ्या वाटेत हरिबा ओठांतल्या ओठांत तेच वाक्य घोळवत होता. "काकी, चूक माजी हाय." मला वाटलं, आता हा सांगेल आणि सुटेल. त्याच्याबरोबर मीही सुटेन.

आकारामची आई मनुबाई दारातच उभी होती. मागं त्याची बायको अंजना. ती कवठे महांकाळकडची, कोरड्या मुलखातली. तिच्या माहेरच्या ओढ्याला वर्षातले दोन-तीन महिने पाणी. नवरा नदीत गेला ही गोष्ट तिच्या अजून गळी उतरली नव्हती. हरिबानं मला तिथं जमिनीवर ठेवलं.

"तार आली, नदीत गेला म्हणून," मनुबाई म्हणाली. "पवणारा गडी माजा. आसा कसा गेला रं? काय करत हुता?"

हरिबानं तोंड उघडलं. अंगणात तोवर निम्मं गाव गोळा झालं होतं. हरिबाचा म्हातारा बाप जोतिबाही काठी टेकत आला होता. हरिबानं सगळ्यांकडे बघितलं आणि त्याच्या तोंडून भलतंच बाहेर पडलं.

"उतार बांधत हुता, काकी. मागनं येनाऱ्यांसाठी. त्यानं मांडल्याला पयला दगड हाय ह्यो."

झालं. मनुबाईनं मला उचलून छातीशी धरलं. मला हळदकुंकू लागलं, देवळीत जागा मिळाली. रोज सकाळी अंजना दोन फुलं वाहायची. मी आयुष्यात डोंगरकड्यावरून पडलो, बर्फाखाली भरडला गेलो, पण त्या दोन फुलांइतकं मला काही लागलं नाही. तिकडे हरिबा जेवेना, कुणाशी बोलेना. माणसं म्हणायची, दोस्त गेल्याचं दुःख केवढं त्याला!

दसरा झाला, पाणी ओसरलं. जोतिबानं पारावर सांगितलं, "यंदाचा मान आकारामच्या घराला. त्यानं आणल्याला दगड पयला बसंल, आन् पयलं पाऊल त्येच्या घरचं पडंल." कुणीतरी हळूच विधवेचा विषय काढला. मनुबाईनं त्याला तिथंच गप्प केलं. "माज्या लेकाचं पाऊल हाय त्ये. सुनंच्या पायानं पडंल."

पण पहिलं पाऊल अंजनाचं म्हणजे तिच्याआधी पाण्यात कुणी चालून जायचं नाही, हे ओघानंच आलं. त्या गावात असं कधी झालं नव्हतं, आणि त्यात काही चुकतंय हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. हरिबानं काठाजवळ गुडघाभर पाण्यात उभं राहून, बापानं सांगितलेल्या गेल्या सालच्या अंदाजानं दगड मांडायला घेतले. पहिला मी. माझ्यापुढं तीन. पुढचे अंजना पलीकडे पोचल्यावर मांडायचे ठरले. त्याचे हात काम करत होते, ध्यान दुसरीकडेच. काठीही कोरडीच काखेत होती.

कोयनेचं पाणी माझ्या अंगाला लागलं. कोमट, गढूळसर. माझ्याखाली या खेपेला खराखुरा तळ होता. पण चौथ्या दगडाच्या पुढं काय आहे, ते मला ठाऊक नव्हतं आणि तिथल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. काठावर सारा गाव उभा. अंजनानं लुगड्याचा ओचा खोचला, वाकून पाण्याला हात लावला आणि कपाळाला लावला. मग पाय उचलला.

हरिबानं ते वाकणं बघितलं आणि तो ओरडला, "थांब पोरी! पाय टाकू नगंस!"

सगळे चपापले. तो पाण्यातच उभा होता.

"हितनं कुनी चालल्यालं न्हाई. म्या बी न्हाई. नुसतं दगड ठिवल्यात." मग तो मनुबाईकडे वळला. "तिकडं बी आसंच झालं, काकी. ह्यो दगड आकारामनं ठिवल्याला न्हाई. कुनीच ठिवला नव्हता. बर्फानं आनून वर टाकला हुता. दगड बघून म्या म्हनलं, उतार हाय. चांदसाहेब नगं म्हनत हुता. म्या आकारामला म्होरं घातलं. आज मान तुजा म्हनलं. चेष्टेत म्हनलं, काकी."

मग हरिबा काठी घेऊन वळला आणि चार दगड ओलांडून पुढं चालू लागला. पाचव्या पावलाला पाणी कमरेला आलं. सातव्याला काठी हातातून सुटली आणि तो गळ्यापर्यंत खाली गेला. गेल्या साली तिथं गुडघाभर पाणी होतं म्हणे. काठावरून एक बाई किंचाळली. हरिबा हातपाय मारत वर आला, काठी धरली, पंचवीस-तीस पावलं प्रवाहाच्या खालच्या अंगाला गेला आणि चाचपत चाचपत पलीकडे पोचला. तिकडून दगड मांडत परत आला, तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. तोवर कुणीही घरी गेलं नव्हतं.

तो मनुबाईसमोर येऊन उभा राहिला. अंगातून पाणी निथळत होतं. मला वाटलं, आता ती त्याला चार शिव्या देईल, निदान एक थोबाडीत तरी. त्यालाही तेच हवं असावं.

"ल्हान हुता तवापास्नं त्येची हौस," ती म्हणाली. "आये, आपल्या घराला मान कवा मिळायचा? आये, आपुन कवा म्होरं चालायचं?" तिनं हरिबाकडं बघितलं. "तू दिलास."

हरिबानं मान खाली घातली.

"आरं, पर मान कशाचा ह्यो? तुज्या बापाला इचार. बुडायचं तर आदुगर आपुन बुडायचं, ह्येचा मान. त्यो दुसऱ्याला द्याचा नस्तो रं." तिनं त्याच्या हातातल्या काठीकडं बोट दाखवलं. "आता जितं हाईस तवर तूच चाल म्होरं. कुनाला दिऊ नगंस."

म्हाताऱ्या जोतिबानं डोळ्यांना पटका लावला. मनुबाई वळली आणि एकटी गावाकडं चालू लागली.

मी अजून त्या खोट्या ओळीतच होतो. अंजना पाण्यात घोटाभर आली, आणि तिनं मला उचललं. मला वाटलं, आता ही मला डोहात फेकणार. मनातून मी तयार होतो. तिनं माझ्यावरचं कुंकू अंगठ्यानं चोळून चोळून धुतलं, कपाळ पुसावं तसं, आणि मला काठावर कोरड्या जागी टाकून सासूच्या मागं निघून गेली.

आता मार्गशीर्ष चाललाय. हरिबा पलटणीत परत गेला. पुढच्या दसऱ्याला रजा काढून येतो म्हणालाय. मी इथं पडून आहे. बाळगोपाळांनो, आयाबायांनो, तुमच्याकडं माझं एकच मागणं आहे. मला शेंदूर फासू नका, माझी गोष्ट शूराची म्हणून सांगू नका. कधी पाण्यात दगडांची ओळ दिसलीच, तर दगडांवर जाऊ नका. आपल्याआधी इथून कोण चालून गेलंय, ते आधी विचारा. कुणी नाव सांगितलं नाही तर माघारी फिरा, कोसभर लांबचा पूल जवळ करा.

मनुबाई रोज पाण्याला येते. भरली कळशी डोक्यावर घेण्याआधी बाकीच्या बाया ती घडीभर माझ्यावर टेकवतात आणि पदर सावरतात. मनुबाई टेकवत नाही. भरली कळशी कमरेवर तशीच धरून उभी राहते, धापा टाकते, आणि चढणीला लागते. तिनं ती माझ्यावर टेकवावी, असं म्हणायला मला तोंड नाही.